हलता जबडा

शेवटच्या साध्या दिवशी मी जेवण घेऊन गॅरेजात गेले, तेव्हा बाबा नव्या पान्याची टिंगल करत होते.

“खालचा जबडा हलतो म्हणे याचा,” ते मामाला म्हणाले. “हलत्या दातांचा म्हातारा अक्रोड फोडायला निघालाय.”

“भाऊजी, अडचणीच्या जागी वापरून बघा. नट फिरवला की पाना काढून पुन्हा बसवायला नको. नुसतं मागेपुढे करायचं.”

“ते ठीक. जोर सोसतो का पण?”

“नाही सोसत असं खोक्यावर कुठे लिहिलं नव्हतं.”

मी डब्याची झाकणं उघडत राहिले.

पाना मी आणला होता. साध्या पान्याने लावा, ओढा, काढा, पुन्हा लावा, असं दिवसभर करून बाबांचं मनगट सुजायचं. माझ्या हातून ते काही घेत नसत, म्हणून मामाने तो स्वतःचा म्हणून दिला. कोणाला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं होतं. खोक्यात एक कागद होता, हे मात्र मामालाही माहीत नव्हतं. छापलेलं काहीही मी वाचल्याशिवाय सोडत नाही. ‘घट्ट नट आधी साध्या पान्याने सैल करावा. या पान्यावर अंगाचा भार टाकू नये.’ एवढं वाचून बाबांनी पाना भिरकावला असता. भिरकावणं त्यांच्या अंगात होतं. एकदा मामावर फेकलेल्या हातोडीचा खळगा गॅरेजच्या पत्र्याच्या दारावर अजून आहे. मी कागद फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी एका बसच्या पाइपचा नट गंजून बसला होता. नटातून जाणाऱ्या पाइपमुळे बंद तोंडाचा रिंग पाना त्यावर चढत नव्हता. बाबा बंपरवर चढले, नवा पाना लावला आणि दोन्ही हातांनी सगळं अंग मागे टाकलं. जबडा उघडला. मामा सांगतो, पाना सटकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. आवाज झाला तो बाबांचं डोकं मागच्या, गाडीखाली काम करायच्या खड्ड्याच्या लोखंडी काठावर आपटल्याचा. मी पोचले तेव्हा रक्त जमिनीवरच्या ऑइलमध्ये शिरलं होतं आणि मामा दोन्ही हातांनी त्यांची कवटी दाबून बसला होता, उघडलेली वस्तू बंद करावी तशी.

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी दादाने गॅरेज उघडलं. हत्यारं लावताना तो पाना त्याच्या हातात आला.

“हे खेळणं कोणी आणलं?”

“मी,” मामा म्हणाला.

दादाने त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मामा टेबलाला जोडलेल्या लोखंडी व्हाइसवर आदळला, भुवई फुटली. दादाने त्याला कॉलरने उठवून पुन्हा मारलं, मग पुन्हा. मामाने हात वर केले नाहीत.

“चाळीस वर्षं साधा पाना वापरला त्यांनी. तुला शहाणपणा सुचला?”

“चुकलं माझं.”

“चुकलं म्हणतो.” दादाने मामाचा पंजा टेबलावर दाबून धरला आणि भिंतीवरचा सगळ्यात लांब पाना उतरवला. “याच हाताने दिलास ना?”

मी दादाचा दंड धरला. त्याने झटकलं तशी मी कपाटावर आपटले. मामाने रक्ताने बुजलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नको. दादाचा हात वर गेला. मी मध्ये शिरून माझा हात मामाच्या हातावर ठेवला. मामाचा हात गार पडला होता.

“बाजूला हो.”

“पाना मी आणला होता, दादा. मामाने फक्त दिला. त्यावर भार टाकू नका, असं खोक्यातल्या कागदावर लिहिलं होतं. तो मी वाचला होता. बाबांनी माझ्यासमोर विचारलं, जोर सोसतो का, आणि मी गप्प बसले.”