ऑटोवर ठेवलेली मोटर

मी एक जुनी पाणबुडी मोटर आहे. जाम गावातल्या एका दुकानामागे, भंगारात, अंगावर गंज घेऊन पडले आहे. मित्रांनो, माझं आयुष्य जमिनीखालच्या अंधारात गेलं. पण माझी लाज भर दुपारची आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चकचकीत होते. अण्णाजींनी मला हिंगणघाटहून आणलं आणि आपल्या संत्र्याच्या बागेतल्या बोअरमध्ये सोडलं. पहिली धार उसळली तेव्हा त्यांनी पाइपाला हळदकुंकू लावलं. लोक बघायला आले, आणि पुढच्या काही वर्षांत प्रत्येकाच्या शेतात बोअर झाला. आमच्याकडचा खडक काळा आणि घट्ट. त्याच्या भेगांत पाणी मुरायला कितीतरी पावसाळे लागतात. आम्ही मोटरा ते एका उन्हाळ्यात उपसत होतो. पाणी खाली गेलं की अण्णाजी पाइप जोडून मला आणखी खाली सोडत. मग पुन्हा पाणी येई, पुन्हा माझी स्तुती होई. आपण शेजाऱ्याच्या भेगेतलं ओढतो आहोत, हे कळत असूनही मी सुखावत असे.

माझ्यापासून हाकेच्या अंतरावर कमलाबाईंची विहीर होती. उन्हाळ्यात सारं गाव तिचंच पाणी पीत असे. एका चैत्रात तिचा तळ दिसू लागला. गावानं बसून ठरवलं की आठवडाभर सगळ्या मोटरा बंद ठेवायच्या, विहीर भरू द्यायची. सगळ्यांनी हो म्हटलं.

अण्णाजींनी माझं ऑटो मात्र काढलं नाही. ऑटो म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी. एका मोटरीनं काय होतं, असं त्यांना वाटलं. शेताची वीज तेव्हा रात्री येई. मी चालत राहिले.

आठवड्यानं लोक विहिरीवर जमले. पाणी आधीपेक्षाही खाली गेलं होतं. पाइपातून मला वरचं बोलणं ऐकू येई.

“आमी तं मोटरा बंद करून बसलो,” अण्णाजी म्हणाले. “खडकातच नाई राह्यलं, तं येईन कोठून?”

“माही मोटर तं चालणंच विसरली असन,” शेजारच्या शेतातला तानबा म्हणाला. लोक हसले.

“मंग पाणी जाऊन कोठी राह्यलं?” कमलाबाईंनी विचारलं.

त्या दिवशी वीज दुपारीच आली. पेट्या खटखटल्या. विहिरीच्या चारी बाजूंना, प्रत्येक शेतातल्या पाइपातून पाणी पडू लागलं. अण्णाजींच्या, तानबाच्या, सगळ्यांच्याच.



“जा न भाऊ, बंद करा,” कमलाबाई हळूच म्हणाल्या. “मी कोणाले काई म्हणत नाई.”

कोणी हललं नाही. जो आधी जाईल, त्यानं आधी कबूल केल्यासारखं झालं असतं. माणसं तशीच उभी राहिली आणि आम्ही मोटरा, वीज जाईपर्यंत, ओढत राहिलो.

त्यानंतर गावाची बैठक भरली नाही. जो तो आपला बोअर खोल करत गेला. एक दिवस माझ्याभोवती पाणीच उरलं नाही. मी कोरडीच फिरले आणि जळाले. बाग वाळली. कमलाबाई लेकाकडे पुलगावला गेल्या. मागोमाग एकेक घर गेलं. टँकरही आता त्या रस्त्याला वळत नाही.

मित्रांनो, मला स्वतःहून थांबता येत नव्हतं. थांबवणारे हात वर होते. तुमच्यावर अशी वेळ आली, तर इतरांची वाट पाहू नका. आपली मोटर बंद करायला आधी निघा. लोक बघतील, लाजेनं पाय जड होतील, तरी चाला. आमच्या गावात त्या दुपारी कोणी चाललं नाही. आता तिथं चालणारं कोणी उरलेलं नाही.