सात मिनिटांचं अक्षर

घरात रेडिओ आहे म्हटलं की लोकांना गाणी आठवतात. आमच्या अॅम्ब्रोजच्या रेडिओवर गाणं सोडाच, धड खरखरही ऐकू येत नाही. त्याचं काम इतक्या खालच्या लहरींवर चालतं की समुद्रापार पोचायला मोर्सचा एकेक ठिपका मिनिटभर पाठवावा लागतो आणि एकेक रेघ तीन मिनिटं. पलीकडून आलेलं कानाला कळत नाही. पडद्यावरच्या करड्या भुरभुरीत फिकट खूण उमटली तर उमटली. तीन हिवाळे नवरा या नादात, आणि माझा खारा मासा ताटात थंड.

पलीकडे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा डेन्झिल, अलीकडे कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या टोकाला आम्ही, मध्ये अख्खा अटलांटिक. दोघांनी एकमेकांचं ऐकायचं आणि शेवटी एकमेकांना 'मिळालं' म्हणायचं. त्यासाठी एकच अक्षर आहे: आखूड, लांब, आखूड. मधल्या मोकळ्या मिनिटांसकट सात मिनिटांचं. ते आल्याशिवाय भेट वहीत चढत नाही. पण काय येणार हे आधीच ठाऊक असलं की डोळ्यांना ते नसतानाही दिसतं. म्हणून दोघांनी नियम केला होता की पडद्यासमोर मोर्स न येणारं माणूस बसवायचं. म्हणजे मी. मला दिसेल तेवढंच पेन्सिलीने कागदावर काढायचं, आणि अॅम्ब्रोजने पाठ फिरवून बसायचं.

त्या हिवाळ्यात आमचं गाव बंद होत होतं. मासे गेले, मागोमाग माणसं गेली, आणि उरलेल्या दोन घरांना हलवायचं सरकारने ठरवलं. एकतीस डिसेंबरला दुपारी वीज तोडणार आणि बोट आम्हाला घेऊन जाणार. तीस तारखेला संध्याकाळी पाचला काळोख पडला तेव्हा बाकी सगळं झालं होतं. आमचं त्याला ऐकू गेलं होतं, त्याचं आम्हाला. फक्त त्याचं शेवटचं 'मिळालं' यायचं राहिलं होतं.

"दिसतंय का गं काही?"

"तुझं टक्कल दिसतंय. गप बस."

तासभर काही आलं नाही. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा बसला होता. त्याचे ते खांदे मला बघवेनात. मोर्स मला येत नव्हतं, पण तीन हिवाळे ज्या एका अक्षराचा जप ऐकला ते मला कसं येणार नाही? मी पेन्सिल टेकवली आणि काढलं. आखूड, लांब, आखूड.

कागद बघून तो रडला, वहीत डेन्झिलचं नाव चढवलं. मला उचलायला गेला तर कमरेत चमक भरली. "जेरार्डला सांगून येतो," म्हणाला आणि कोट न घालताच भावाच्या घराकडे पळाला. खरं सांगते, मला जराही अपराधी वाटलं नाही. आनंदच झाला.

तो गेला, माझा चहा पिऊन झाला आणि फोन वाजला. डेन्झिल होता.

"लोरेटा, माफ कर गं. आज अंधार पडायच्या आधीच वादळाने माझी एरियलची तार नेली, खांबासकट. कधीपासून फोन लावतोय, लागतच नव्हता. आज मी काहीच पाठवलं नाही. अॅम्ब्रोजला कोणत्या तोंडाने सांगू?"

"मी सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

वळले तर पडद्यावर आखूड, लांब, आखूड. ठळक. तीन हिवाळ्यांत इतकी स्वच्छ खूण मी पाहिली नव्हती. संपली आणि पुन्हा सुरू झाली. आमचंच पाठवायचं यंत्र चालू राहिलं असेल म्हणून बघितलं, तर ते बंद होतं. एरियलच्या तारेचं टोक उपसलं, तशी खूण गेली. परत खोचलं, परत आली. म्हणजे बाहेरूनच येत होती.

अॅम्ब्रोज आला तेव्हा मी सगळं एका दमात सांगून टाकलं. माझं खोटं, डेन्झिलची तार, पडद्यावरचं हे.

"माझ्या डोळ्यांवर नव्हता एवढा तुझ्या पेन्सिलीवर भरवसा होता गं मला," म्हणाला.

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वहीतलं डेन्झिलचं नाव त्याने पट्टी लावून खोडलं, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पाठ फिरवून बसला.

"आता दिसेल तेवढंच काढ."

'मिळालं' थांबलं होतं. आता दुसरंच काहीतरी येत होतं. तासाहून जास्त वेळ मी काढत होते, आणि मनाची एकही रेघ जोडली नाही. मी कागद दिला. तो वाचताना त्याच्या ओठांचा रंग गेला.

"काय आहे?"

"दोन अक्षरं, दोन आकडे. नकाशावरची आपली जागा. उद्यापासून इथे गाव नसणार, म्हणून काल शेवटी मीच पाठवली होती. म्हटलं, एकदा तरी पलीकडे पोचू दे." त्याने कागदाच्या शेवटावर बोट ठेवलं. "पुढे प्रश्नचिन्ह आहे. जागा हीच ना, असं विचारतंय."

"कोण विचारतंय?"

"मला काय ठाऊक? पण कोणीतरी ऐकलंय, लोरेटा. हो म्हणू?"

त्याचा हात बटणावर होता आणि डोळे माझ्यावर. मी नको म्हटलं असतं तर त्याने यंत्र बंद केलं असतं, आणि जन्मात कधी तो विषय काढला नसता. मला भयंकर भीती वाटत होती. पण एका संध्याकाळी त्याच्याकडून दोनदा भेट हिसकावून घ्यायची माझी छाती नव्हती.

"पाठव," मी म्हटलं.

त्याने बटण दाबलं. मी उठले आणि बाहेरच्या दाराकडे गेले. आमच्या गावात दाराला कडी घालायची पद्धत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती एकदाही लागली नव्हती. पार गंजून गेली होती, सरकवायला मला दोन्ही हात लागले.