नाकावरचा भरवसा

तुर्गुन-अकांनी कढत्या तेलात सोललेला अख्खा कांदा सोडला, तो काळा पडेपर्यंत थांबले आणि कढईवर वाकले. कांदा तेलाचा वास ओढून घेतो, आणि वास गेल्याशिवाय पुलावाचं मांस टाकायचं नाही, ही ताश्कंदकडची रीत. तेलाच्या कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याचा पुलाव तिथल्याच सरकीच्या तेलात शिजवायचा, हीही रीतच; आज पाळी अकांची, म्हणजे सगळ्यांच्या या थोरल्या भावाची.

कारखान्याची इंजिनीअर मावजुदा समोर गाजरं चिरत बसली होती. नजर वर करायची तिची छाती होत नव्हती.

सरकीतून तेल काढायला पूर्वी हलकं पेट्रोल वापरत. ते वाफेबरोबर चटकन उडून जायचं. मावजुदाने हिवाळ्यात स्वस्तातलं जड पेट्रोल निवडलं, पण वाफेने ते उडवायचा मनोरा जुनाच, हलक्या पेट्रोलपुरता ठेवला. एकतीस वर्षं तेल हुंगणारे तुर्गुन-अका रोज म्हणत, वास राहतोय. ती यंत्राचा अहवाल पुढे करी: शून्य. शेवटी सगळ्यांनी ठरवलं, म्हाताऱ्याचं नाक गेलं. गेल्या आठवड्यात तिला कळलं, की यंत्र अजून जुन्याच पेट्रोलचा माग काढतंय, नव्याची त्याला ओळखच नाही. एवढी शिकलेली बाई, पण आठवडाभर मूग गिळून बसली.

अकांनी दुसरा कांदा टाकला. मग तिसरा.

"अका, आज कांद्याचाच पुलाव का?" फिटर सोबिर म्हणाला. "नाक कुठं गोदामात विसरलात वाटतं."

सगळे हसले. अकाही हसले.

"मावजुदा, पोरी, जरा तूच बघ. मला अजून वास येतोय. पण माझ्या नाकाचं काय खरं?"

टोमणा असता तर तिने सोसला असता. ते खरंच विचारत होते.

ती उठली, कढईवर वाकली. पेट्रोलच होतं. पुसट, पण होतं. 'गेला' एवढा एक शब्द पुरला असता.

"वास येतोय, अका."

"अजून?"

"पहिल्यापासून. तुमच्या नाकाला काही झालेलं नाही. यंत्र चुकलं... मी चुकले. मला आठवड्यापूर्वीच कळलंय."

कोणी हसलं नाही.

अकांनी झाऱ्याने कांदे काढले, कढई चुलीवरून उतरवली.

"घरी दूध नासलंय का," ते हळूच म्हणाले, "हे मी नातीला हुंगायला लावत होतो."

मग त्यांनी वाटीतलं चिमूटभर जिरं तळहातावर चोळलं आणि डोळे मिटून कितीतरी वेळ हुंगत राहिले.