मागच्या अ‍ॅक्सलची अकरा पानं

शामरावांनी पुस्तक माझ्या हाताखालून ओढून घेतलं. पेन कागदावरच होतं. सातचा आकडा लांबत वहीच्या कडेपर्यंत गेला.

"बस झालं, बाई," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. त्यांनी कॅटलॉग मेणकापडात गुंडाळला, सुतळी बांधली, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली.

सहा दिवस मी त्या टेबलाशी बसत होते. पहिल्या पानापासून क्रमानं उतरवत आले होते. एकशे चाळीस पानांपैकी शेवटची अकराच उरली होती, आणि नेमकी तीच आम्हाला हवी होती.

एकोणऐंशी सालची ही गोष्ट. आमचे हे, दीनानाथ, रेल्वेच्या कारखान्यात इंजिनीयर होते. तिकडे उत्तरेत, आलमबागेतल्या आमच्या क्वार्टरच्या मागं त्यांनी लिलावात घेतलेला एक लष्करी ट्रक उभा केला होता. बेचाळीस सालचा. चार वर्षं हे त्याच्यावर खपत होते. इंजिन बोलू लागलं होतं, पण मागचा अ‍ॅक्सल उघडून पडला होता. लाटूश रोडवर सुट्या भागांच्या दुकानांत गेलं की एकच उत्तर मिळे. "बाबूजी, नंबर लाइए. बिना नंबर के क्या ढूँढें?" नंबर असतात पार्ट्स कॅटलॉगमध्ये. त्यासाठी कलकत्त्याला पत्रं लिहिली, जबलपूरला लिहिली. एका ठिकाणाहून चुकून ट्रॅक्टरचं मॅन्युअल आलं, तेही यांनी आवडीनं वाचून काढलं. आणि तेवढ्यात वसाहतीच्या ऑफिसची नोटीस आली. दिवाळीच्या आत ट्रक स्वतःच्या चाकांवर हलला नाही, तर तो भंगारवाल्याकडून कापून नेण्यात येईल.

नोटीस वाचून हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग लाटूश रोडवरच कुणीतरी शामरावांचं नाव सांगितलं. मूळचे नागपूरकडचे, सैन्याच्या गाड्या दुरुस्त करण्यात हयात घालवून निवृत्त झालेले, सरोजिनी नगरात राहत होते. डेपोत जाळायला काढलेल्या कागदांतून त्यांनी हा कॅटलॉग उचलून आणला होता. पण त्यांची अट होती. एकदा कुणीतरी तो नेला आणि चार पानं ब्लेडनं कापून परत आणला, तेव्हापासून पुस्तक घराबाहेर जात नव्हतं. घरी बसून काय ते उतरवून घ्यावं. यांना रविवारखेरीज सवड नाही. माझं अक्षर बरं, इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं. म्हणून मी जाऊ लागले. नंबर वहीत लिहायचे, चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवायची.

"माझं काही चुकलं का?" मी विचारलं.

शामरावांच्या पत्नी गयाबाई दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "तुमचं काहून चुकेल? चुकलं आमचंच. रोज विचारत राहिलो."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. सहा दिवस त्या पाणी आणत, मी हसून "नको" म्हणे. चहा आणला, नको. पोरीच्या वाढदिवसाचा लाडू आणला, तोही नको. तहान लागली की पिशवीतला फिरकीचा तांब्या काढून त्यांच्यासमोर माझं मी पाणी पीत होते. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्यांच्याखाली बसून.

"गयाबाई, तसं नाही हो! माझं व्रत आहे. चातुर्मासात परान्न घेत नाही मी. दुसऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही. केलेलं व्रत बोलून दाखवू नये म्हणतात, म्हणून बोलले नाही."

गयाबाईंचा चेहरा जरा सैल झाला. तेवढ्यात त्यांची मुलगी बेबी आतून बाहेर आली. ती सरकारी ऑफिसात टायपिस्ट होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीत.

"आंटी, नवरात्र में इंदिरा नगर में मृणाल मैडम के घर आप ही थीं न? मैं अपने साहब को फ़ाइल देने गई थी. आप तो मसाला दूध पी रही थीं."

"दूध चालतं गं," मी म्हटलं. "दुधाला परान्न धरत नाहीत."

"अच्छा. तो चाय में क्या डालते हैं हम लोग?"

"बेबी!" शामराव म्हणाले. पण त्यांनी तिला आत घालवलं नाही. उत्तराची वाट तेही पाहत होते.

चहात पाणी असतं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण त्याच क्षणी मला आठवलं की माझ्या मैत्रिणीकडे, मृणालकडे, मी पाय ठेवल्या ठेवल्या सांगितलं होतं, "बाई गं, माझं परान्नाचं व्रत आहे हं, मला फक्त दूध दे." तिथं बोलून दाखवताना काही वाटलं नव्हतं. इथं मात्र सहा दिवस माझं तोंड उघडलं नाही. दूध मागायचं तर सुचलंच नाही. मी वही पिशवीत भरली आणि उठले.

टेम्पोत बसल्यावर मी जप सुरू केला. एकशे आठपर्यंत पोचलेच नाही.

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, आधी नंबरांचं विचारतील. हे मोजे काढता काढता थांबले. "म्हणजे सहा दिवस त्यांच्या घरात तू आपला तांब्या घेऊन बसलीस? चारू, मला सांगायचंस तरी!"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?"

"मला काय माहीत! मी तर मागच्या रविवारी तिथं जेवलो."

"जेवलात?"

"मटण होतं," हे मोज्याकडे बघत म्हणाले. "झणझणीत. दोनदा वाढून घेतलं."

चौदा वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं. त्याही स्थितीत मला आधी हसू आलं, मग रडू.

"उद्या जाऊन पाणी पिते," मी म्हटलं.

"पी. पण नंबरांसाठी पिणार असशील तर जाऊ नकोस. जाऊ दे ट्रक."

हे असं म्हणतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वही घरी ठेवून गेले. तांब्याही घेतला नाही. दार गयाबाईंनी उघडलं.

"वही कुठाय?"

"आणली नाही. उतरवायला आले नाही मी. पाणी द्या मला."

त्या हलल्या नाहीत. "अन् व्रत?"

"मोडीन."

"मोडून कुणाला सांगाल? देवाला सांगाल, या बाईच्या घरी मोडावं लागलं म्हणून?"

"नाही हो, गयाबाई..."

"मी नाही देणार पाणी," त्या शांतपणे म्हणाल्या. पाणी मागावं आणि कुणी नाही म्हणावं, हे माझ्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. "माझ्या घरचं पाणी पिऊन कुणी पापात पडायला नको, अन् मोठं व्हायलाही नको. तहान लागेल तेव्हा प्यावं माणसानं."

"मग मी काय करू?"

"मला काय विचारता? तुमचं व्रत कधी सुटतं?"

"कार्तिकी एकादशीनंतर. द्वादशीला."

"तेव्हा या वाटलं तर. मग बघू."

आतून शामरावांचा आवाज आला. त्यांनी बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं नाही, दाराच्या चौकटीकडे पाहून बोलले. "साहेबांना म्हणावं, रविवारी या. अकरा पानं आहेत, दुपारपर्यंत होतील. गाडी भंगारात जाऊ देणार नाही मी. गाडीनं काय केलंय?"

"आणि मी?"

"तुम्ही नका येऊ सध्या."

रविवारी हे गेले. माझ्या वहीतली शेवटची अकरा पानं यांच्या तिरप्या अक्षरात आहेत. बेअरिंग लाटूश रोडवर दुसऱ्याच दिवशी निघालं, ऑइल सीलसाठी कानपूरला जावं लागलं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रक धूर ओकत वसाहतीच्या फाटकाबाहेर पडला. नोटीस बजावणारे बाबूसुद्धा टाळ्या वाजवत होते. हे हॉर्न वाजवत फाटकातून परत आले आणि मला वर ओढून शेजारी बसवलं.

"थेट सरोजिनी नगर," हे म्हणाले. "शामरावांना चालवायला देतो. चल."

"तुम्ही जा. मला द्वादशीला बोलावलंय."

"बोलावलंय ना? मग झालं!"

मी खाली उतरले. गयाबाई 'वाटलं तर' म्हणाल्या होत्या, 'मग बघू' म्हणाल्या होत्या. ते बोलावणं होतं का, ते मला कळत नव्हतं. ट्रक सरोजिनी नगरच्या वाटेनं कानपूर रोडला वळला. द्वादशीला अजून सोळा दिवस होते.