कपाळी गंज

दचकू नका. मी बंदूक बोलतेय. एकनळी, बारा बोअरची. माझी खरी बोली ऐकायची पाळी फारशी कुणावर आलेली नाही. पंधरा वर्षांत मी एकूण अकरा वेळा उडाले, तेही पहिल्या चार वर्षांतच. सात बार आभाळाला लागले, तीन बांधावरच्या बाभळीला आणि एक आमच्याच खळ्यातल्या माठाला. रानडुक्कर एकही नाही. आकडे पक्के आहेत. माझ्यासारख्या रिकामटेकडीला मोजण्याशिवाय दुसरं काम काय?

१९६१ साली जळगावच्या एका दुकानात मी काचेमागे उभी असे, तेव्हा माझा तोरा बघण्यासारखा होता. नळीचा रंग असा निळसर काळा की गिऱ्हाईक तिच्यात आपल्या मिशा निरखायचं. पाचोऱ्याकडचे चुडामण आबा आले, त्यांनीही आधी मिशाच पाहिल्या, मग मला. त्यांच्या गिरणाकाठच्या शेतात रानडुकरं भुईमूग उकरायची, म्हणून त्यांनी परवाना काढला होता.

दुकानदाराने नीट समजावलं. "बार काढला की नळी आतून पुसायची. पातळ तेलाचा हात फिरवायचा. आणि कातडी पिशवीत कोंडून ठेवायची नाही, कातडं ओल धरतं."

आबा "हो, हो" म्हणाले, आणि त्याच दुकानातली सगळ्यांत देखणी कातडी पिशवी निवडून मला तिच्यात घालून घरी घेऊन गेले.

घरी आबांच्या पत्नी झुंबरबाईंनी मला नव्या सुनेसारखं ओवाळलं. मुक्काम मिळाला तो माळ्यावर. खालीच न्हाणीचा बंब. रोज सकाळी पाणी तापलं की वाफ वर येई आणि पिशवीतल्या पिशवीत मला घाम फुटे. आबांना अधूनमधून तेलाची आठवण व्हायची, नाही असं नाही. पण ते चोळत शेंगदाण्याचं. भुईमूग राखायला आणलेल्या बंदुकीला भुईमुगाचंच तेल! आठ दिवसांत ते गोंदासारखं चिकट व्हायचं आणि मुंग्या माझ्यावर यात्रा भरवायच्या.

दसऱ्याला मात्र माझा मान मोठा. पाटावर निजवून झुंबरबाई पाण्यात कुंकू कालवायच्या आणि माझ्या नळीवर पाच बोटं ओढायच्या. वर अक्षता, झेंडू, आपट्याची पानं. अक्षता थेट नळीच्या तोंडातही पडत. पूजा झाली की मला तशीच ओली पिशवीत सारत. पूजेचं कुंकू पुसायचं नसतं ना.

१९६६ साली आबा विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळले. आता काही खरं नाही, असं गाव म्हणू लागलं होतं. पण उठले. त्या दसऱ्याला झुंबरबाईंनी पिशवी उघडली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आयकतस का? देखा, गेल्या सालनं कुंकू जसंनं तसं शे! तुमनं आयुष्य शे त्यामा. कोनीच पुसू नका बरं!"

मग काय, गल्लीतल्या बायका माझ्या दर्शनाला येऊ लागल्या. मला खरं ते ठाऊक होतं. कुंकू केव्हाच उडून गेलं होतं. त्याच्या खालच्या ओलीने धरलेला गंज तेवढा लाल दिसत होता. पण जन्मात पहिल्यांदाच कुणीतरी मला हात जोडत होतं. ज्या बंदुकीला डुक्कर भीत नाही तिला बायका नमस्कार करतात, हे सुख सोडवेना. मी गप्प राहिले. तशीही मी गप्पच असते म्हणा.

तीन वर्षं मी अशी देवपणात गंजत होते. मग १९६९ ची भाऊबीज आली. झुंबरबाईंचा धाकटा भाऊ तोताराम धुळ्याहून आला. तो तिकडे पोलीस खात्यात हत्यारांची साफसफाई करत असे. त्या साली भुईमूग उशिरा काढणीला आला होता आणि डुकरांनी आदल्या दिवशी दोन वाफे उकरून ठेवले होते. मेहुण्यासमोर आबांना चेव आला. त्यांनी मला खाली काढलं. माझी बिजागरी उघडेना, तर गुडघ्यावर आपटून उघडली, काडतूस घातलं आणि वहाणा शोधू लागले.

"दाजी, थांबा. नळीतून पलीकडचा उजेड दिसतो का, पाहिलं?"

"बंदूकमा उजेड? ती काय खिडकी शे?"

तोतारामने हसत काडतूस बाहेर काढलं आणि मला उन्हाकडे धरलं. आत मिट्ट काळोख. त्याने काठीला चिंधी बांधून आत दाबली, तेव्हा माझ्या घशातून वाळलेल्या मातीचा गोळा खाली पडला. पिशवीचं तोंड उघडं राहिलं असताना कधीतरी कुंभारमाशीने आत मातीचं घर केलं होतं. वर सात-आठ अक्षता चिकटलेल्या.

आता तो हसत नव्हता. "हा बार निघाला असता, तर नळी फुटून तुमच्याच तोंडावर आली असती."

आबांनी वहाणा शोधायचं सोडलं. तोताराम चिंधीवर रॉकेल घेऊन ते पाच पट्टे पुसायला लागला, तशा झुंबरबाई आडव्या आल्या.

"हात लावू नको, तोत्या! मनं कुंकू शे ते!"

"कुंकू नाही अक्का, गंज आहे."

"तुन्हा तोंडले लागो गंज! भाऊबीजना दिन, आनि काय बोलस?"

"बोट फिरव. वास घे. कुंकवाला लोखंडाचा वास येतो?"

त्यांनी बोट फिरवलं, नाकाशी नेलं. आधी त्या मातीच्या गोळ्याकडे पाहिलं, मग आबांच्या मिशांकडे. हात आपोआप स्वतःच्या कपाळाला गेला.

"मना कपाळले आधी मेण लावस, मंग कोरडं कुंकू," त्या हळूच म्हणाल्या. "हिले मातर वल्लं लायं. मंग गंज नही लागी ते काय व्हई?"

"अक्का, हेच शिकायला मला खात्यात सहा महिने लागले!"

त्यांनी त्याच्या हातची चिंधी घेतली आणि ते पाच पट्टे स्वतःच पुसले. गंज गेला. त्याखालचे पाच खड्डे राहिले. आतूनही मी खाल्ली गेले होते. पुन्हा बार काढायचा नाही, असं तोतारामने बजावलं. कातडी पिशवीत आता आबांचे कागद असतात.

आता १९७६ चालू आहे. मी मधल्या खोलीत, बंबापासून लांब, उघड्या खुंटीवर असते. दर पुनवेला कोरडं फडकं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात. माझ्याकडे ओल्या बोटाने कुणी फिरकत नाही. डुकरांना आबा डबा बडवून हाकलतात. ती डब्याला घाबरतात, हे कळल्यावर मला दोन दिवस वाईट वाटलं.

तुमच्या घरी माझी कुणी जातवाली असेल, तर एवढंच मागणं: तिला पुजा, पण पुसूनही ठेवा. आणि कुणी फार दिवस न पुसता हात जोडत राहिलं, तर तिने माझ्यासारखं फुगून जाऊ नये.

दसऱ्याला झुंबरबाई आधी मेणाचं बोट फिरवतात, मग चिमटीने कोरडं कुंकू. न बघताही बोट बरोबर त्या पाच खड्ड्यांवर येतं. समोर आबा बसलेले असतात, मिशा पांढऱ्या, तोंड शाबूत. अकरा बार काढून मी कुणालाच लागले नाही. बारावा निघाला नाही, एवढीच माझी नेमबाजी.