आमच्या ह्यांची अभय योजना

आमचे हे, म्हणजे कृष्णकांत, पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कारकून होते. एवढे सरकारी कागद वाचले, की साध्या माणसासारखं काही करणंच विसरले. घरटॅक्सचं बिल आलं की सारी दुनिया कुरकुरते अन् भरून टाकते. आमचे हे मात्र बिल पाहत, चष्मा पुसत अन् म्हणत, "थांब वं, अभय योजना येईल."

अभय योजना म्हणजे थकलेल्या टॅक्सवरचं व्याज माफ. ते काही खोटं नाही, येते मधूनमधून. एका साली अर्धं व्याज माफ झालं. मी म्हटलं, चला, आता तरी भरा. तर म्हणे, अर्ध्यात काय मजा, पुढच्या खेपेले पाऊण सुटेल. पाऊण सुटलं, तर म्हणे, आता पूर्ण सुटतेच पाहा. असे नऊ वर्षं गेले. अंगणात निंबाखाली आरामखुर्ची टाकायची, पेपर उघडायचा अन् योजनेची वाट पाहायची, हीच यांची दुसरी नोकरी. बरं, एकटे थांबले असते तर मी गप बसले असते. पण साऱ्या गल्लीले फुकटचा सल्ला! समोरचे चंपतराव थांबले, त्यांचं पाहून बाकीचे थांबले. एकट्या यमुताई तेवढ्या दर एप्रिलमध्ये टॅक्स भरत अन् पावती दाराच्या काचेत लावत, जाणाऱ्या-येणाऱ्याले दिसली पाहिजे म्हणून.

यमुताई आमची लागूनची शेजारीण. आमचं बोलणं चार वर्षांपासून बंद होतं, आमच्या कूलरपायी. त्याच्या टाकीचं पाणी वाहत त्यांच्या दारापर्यंत गेलं अन् त्यांची रांगोळी पुसली. त्या काही बोलल्या, मी दोन जास्तीच्या बोलले. माझी जीभ अशी, मी काय लपवू?

यंदाच्या मे महिन्यात आमची लेक नूपुर बाळंतपणाले आली. पोरगी झाली; ही गोष्ट घडली तेव्हा ती बावीस दिवसांची. बाहेर सेहेचाळीस डिग्री अन् घर म्हणजे नुसती भट्टी, त्यात थंड खोली एकच, कूलरची. एक दिवस तासभर लाइन गेली तर लेकरू घामोळ्यानं लालेलाल झालं अन् रडून रडून उचकी लागली. तेव्हापासून माझा सारा जीव त्या कूलरमध्ये.

अन् नेमका त्याच हप्त्यात, भरदुपारी दाराशी टेम्पो उभा राहिला. टॅक्सवाले! पियूष नावाचा तरणा साहेब, संगं दोन माणसं, हातात जप्तीचं वॉरंट. मी आधी त्यांना पाणी दिलं, मग पन्हं दिलं. मे महिन्यात आमच्याकडे वैऱ्यालेही कोरडा उभा ठेवत नाही. ह्यांनी फाइल काढली अन् योजनेवर अर्धा तास भाषण दिलं. पियूषनं सारं ऐकून घेतलं अन् म्हणाला, काका, योजना येईल तेव्हा येईल, मले आजचं वॉरंट आहे. मग त्यानं घरात नजर फिरवली. टीव्ही पाहिला, फ्रिज पाहिला, अन् विचारलं, कूलर कोणत्या खोलीत आहे?

पण जप्तीच्या यादीवर शेजारचे दोन पंच लागतात, सही करायले. पियूष गल्लीत पंच शोधायले निघाला अन् बाप्पा, काय सांगू! आताच गेटपाशी उभे राहून मजा पाहणाऱ्या चंपतरावांना एकदम बीपी आठवला अन् ते आडवे झाले. बाकी दारांच्या कड्या खटाखट लागल्या. का नाही लागणार? साऱ्यांचाच टॅक्स यांच्या सल्ल्यानं थकलेला. जो सही करेल, त्याचाच नंबर पुढचा. एवढ्या धास्तीतही मले हसू फुटलं.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला एक पंच झाला, त्याचं घर भाड्याचं. दुसऱ्या आल्या यमुताई. माझ्याकडे न पाहता त्यांनी पहिला प्रश्न केला, कूलर कुठं आहे? मी म्हटलं, संपलं आता. चार वर्षांचा वचपा या बाई आज काढणार.

त्या खोलीत गेल्या, मी मागोमाग. नूपुर झोपली होती. लेकरू मुठी कानाशी घेऊन निवांत झोपलं होतं. यमुताई उगाच जराशा उभ्या राहिल्या, लेकराच्या पायावरचं फडकं सारखं केलं अन् बाहेर आल्या.

"लिही गा," त्या पियूषले म्हणाल्या, "एक आरामखुर्ची. साऱ्या भानगडीचं मूळ तीच आहे. दुसरा टीव्ही. कूलर लिहायचा असेल तर दुसरा पंच शोध."

पियूषनं गल्लीभर पाहिलं. एकही दार उघडं नव्हतं. त्यानं खुर्ची अन् टीव्ही लिहिला. पण जाताना सांगून गेला, उद्या बारापर्यंत पैसे भरा, नाही तर पंच संगं घेऊन बाकीचं उचलावं लागेल. टेम्पोत खुर्ची चढली तेव्हा ह्यांचा चेहरा असा झाला, की नूपुरच्या पाठवणीतही झाला नव्हता.

मी यमुताईंना चहा विचारला. दुसरं काही सुचलंच नाही. त्या म्हणाल्या, या उन्हात चहा काय पाजते वं चारुशीला, पन्हं आण. मग दोघी स्वयंपाकघरात बसून मनसोक्त ह्यांच्या नावानं बोललो. फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी हे पेपर न उघडताच पासबुक घेऊन निघाले. बाराच्या आत आले ते पावती घेऊन, पूर्ण व्याजासकट. संध्याकाळी खुर्ची परत आली, टीव्हीही आला.

अन् दहाव्या दिवशी सकाळी चंपतराव पेपर नाचवत आले. कृष्णकांतराव, आली! पूर्ण व्याज माफ! नऊ वर्षं थांबलेल्या माणसाचे चाळीस हजार दहा दिवसांनी हुकले, अन् हा बाबा दारात नाचून राहिला. मी डोळे वटारले. पण हे खुर्चीत शांत.

"मले माहीत होतं," हे म्हणाले. "काउंटरवरचा बाबू म्हणाला होता, काका, दहा दिवस कळ काढा, योजना येऊन राहिली."

"मग भरले काहून?" मी विचारलं.

ह्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "बारा वाजता ते कूलर न्यायले निघणार होते. दहा दिवस ती पोर कशी झोपली असती?"

मी आत गेले, पदरानं डोळे पुसले, अन् पावती शोधून आमच्या दाराच्या काचेत लावली. यमुताईंच्या पावतीपेक्षा आमचा आकडा मोठा आहे, सांगून ठेवते.