आबा जागेच असतात

तोतारामआबांना झोप येत नाही, हे त्यांच्या मुलाने, लीलाधरने, साऱ्या सावदा गावात कौतुकाने सांगावं! बायको गेल्यापासून सात महिने म्हातारा रात्रभर खाटेवर टक्क जागा. शेतीची लाइट आठवडाआड रात्री दोनला यायची आणि केळीला पाणी द्यायला कोणी तरी मळ्यात जाऊन मोटर लावायलाच हवी. "आबा जागेच असतात," म्हणून लीलाधर चादर ओढून खुशाल घोरायचा. गडी नको, घड्याळाचा गजर नको. आयतीच सोय झाली होती!

धरणगावहून आलेल्या थोरल्या बहिणीने, कुंदाबाईने, हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आबांच्या ताटात सकाळची भाकर तशीच पडली होती. ज्या माणसाची बडबड थांबवावी लागायची, तो दोन दिवसांत चार शब्द बोलला नव्हता. तिने बापाला एसटीत बसवलं आणि थेट जळगावच्या डॉक्टरांकडे नेलं.

"हे नुसतं वयाचं नाही," डॉक्टर म्हणाले. "मन खचलंय, म्हणून झोप गेली. आणि झोप नाही, म्हणून मन आणखी खचतंय. गोळी रोज रात्री, न चुकता. आणि यांच्याशी बोलत जा."

घरी येताच तिने गोळ्यांची पुडी लीलाधरपुढे ठेवली.

"सोमवारपासून सुरू करू नं, अक्का. हा आठवडा रातची लाइट आहे."

"बापाचं दुखणं तुह्या लाइटीच्या पाळीनं चालीन का रे? लाज कशी नाही वाटत तुले!"

तेवढ्यात खाटेवरून आबा म्हणाले, "राहू दे कुंदे. मले नको गोळी."

"कायले नको?"

"सांजच्याले हा येऊन सांगतो, आबा, आज दोनले लाइट. तेवढ्यासाठी तरी खाटेपाशी येतो. मी झोपाले लागलो, त कोन येईन?"

लीलाधरने मान खाली घातली.

"मोटर आजपासून तू लावशीन," कुंदाबाई त्याला म्हणाली. "आन् सांजच्याले आबांपाशी येऊन बसशीन. काही काम नसलं तरी."

तू इतके दिवस का आली नाहीस, असं आबांनी तिला विचारलं नाही. पण आईच्या तेराव्यानंतर ती स्वतः माहेरी आली होती ती परवाच, आणि आता तिला सगळ्यात जास्त चीड आली ती स्वतःची.